हाडाच्या टाकातलं चित्र

आमच्या ह्यांना टाकांचा नाद लागला तो पाण्याची मीटरं वाचता वाचता. नोकरीच तशी होती. लोकांच्या घरात शिरायचं, मोरीच्या कोपऱ्यात उकिडवं बसायचं, आकडा टिपायचा आणि बाहेर पडायचं. पण बाहेर पडता पडता ह्यांची नजर फळीवर, कपाटाच्या डोक्यावर, खिडकीच्या कडेला. "जुना टाक पडलाय का हो कुठं?" असं परक्याच्या घरात विचारायला ह्यांना कधी लाज वाटली नाही. लोक हसायचे आणि द्यायचे. शाईत बुडवून लिहायचे ते टाक, आता हवेत कोणाला? आमच्याकडे मात्र रीघ लागली. माशाच्या आकाराचा, मिटलेल्या छत्रीसारखा, एकाच्या टोकाला तर चिमुकला हात आणि त्याचं एक बोट पुढं केलेलं. एक पाच टोकांचा, एका फटक्यात पाच रेघा ओढणारा. पाच रेघांवर इंग्रजी संगीत लिहिणाऱ्यांचा म्हणे. आमच्या घरात गातं कोण? भांडी घासताना मी, तेवढंच.

नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई धरत नाही. तो काढायला हे ती निब कच्च्या बटाट्यात खुपसून ठेवायचे. माझ्या टोपलीत एक बटाटा धड सापडेल तर शपथ! मी तोंड सोडलं की म्हणायचे, "अगं, चिरल्यावर भोक कुठं दिसतं?" आता ह्यावर काय बोलायचं? नाकी नऊ आणले होते ह्या माणसानं.

सगळ्यांत लाडका होता हाडाचा टाक. त्याच्या दांडीला वरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, भोकात भिंग, आणि भिंगामागे तिळाएवढा फोटो. डोळ्याला लावून उजेडाकडे धरलं की अख्खं चित्र मोठं होऊन समोर येतं, असं हे सांगायचे. सांगायचेच, कारण आमच्या टाकाचं भिंग काळं पडून बंद झालेलं. "आत काय असेल गं?" हे दर दोन महिन्यांनी विचारायचे. "धूळ," मी म्हणायचे. मी त्या भोकाला कधी डोळा लावला नाही. लावला असता तर हा नाद मला पसंत आहे असं झालं असतं.

मग ह्यांचे डोळेच अधू व्हायला लागले. काचबिंदू. डावा गेला तेव्हा कळलंसुद्धा नाही, उजव्यावर चाललं होतं. मग उजव्याच्याही कडा मिटायला लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, ह्यांना औषधाचे थेंब घालून बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि लेकीला आणि मला आत बोलावलं. नस सुकत चाललीय म्हणाले. आहे ते टिकवायला थेंब घालायचे, पण वर्षभरात उजवाही जाईल. बाहेर येण्याआधी लेकीनं माझा हात धरला. "आई, बाबांना एक अक्षर सांगायचं नाहीस. खचतील ते. माझी शपथ आहे तुला."

मी! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं तोंडाला कुलूप लावायचं! पण लेकीचा चेहरा बघून हो म्हटलं. त्या दिवसापासून घरात जो येईल तो ह्यांना सांगायचा, "सुधारतंय की!" हे मान हलवायचे. त्याच दवाखान्याच्या दारात जावईबापूंनी ह्यांचा हात धरून, "या बाबा, काही नाही, सपाट आहे," म्हटलं होतं, आणि सपाट नव्हतं, पायरी होती. गुडघा फुटला. जावई बिचारे चांगले आहेत, म्हाताऱ्या माणसाला उगीच घाबरवू नये असं त्यांना वाटलं. पण तेव्हापासून हे रस्त्यात कोणाचा हात धरायला तयार नव्हते. माझासुद्धा नाही. काठी टेकत, एकेक इंच चाचपत, पुढं. मी मागून जीव मुठीत धरून.

असेच एकदा हाडाचा टाक घेऊन घड्याळवाल्याकडे गेले. "अजून थोडं दिसतंय तोवर आतलं चित्र बघायचंय मला," म्हणाले. मला गलबलून आलं. तोंडानं मात्र, "डोळ्यांत थेंब घालायचे आधी," एवढंच बोलले.

टाक दुरुस्त होऊन आला तो रविवारी. लेक सकाळीच राहायला आली होती. मी स्वयंपाकघरात, हे तिच्याबरोबर खिडकीपाशी. भिंत पातळ, सगळं ऐकू येतं. "माझ्या डोळ्याला एवढ्याशा भोकातलं लागत नाही गं. तू बघून सांग."

मग लेक म्हणाली, "अय्या बाबा, पूल आहे! खाली नदी. किती सुंदर!"

"हो का?" हे म्हणाले.

दुपारी शेजारच्या मास्तरीणबाई चहाला आल्या. त्यांनाही टाक दाखवला. "अगबाई, राणीसाहेब आहेत कुणीतरी! डोक्यावर मुकुट," बाई म्हणाल्या. संध्याकाळी जावईबापू आले. त्यांनी डोळा बारीक करून बघितलं आणि ठासून सांगितलं, "आगगाडी. धूर सोडतेय."

"वा वा," हे म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. तिळाएवढ्या फोटोत नदी, राणी आणि आगगाडी? पदराला हात पुसत बाहेर आले. "आणा तो टाक इकडे!"

ह्यांनी लगेच पुढं केला. दिव्याकडे धरून मी त्या भोकाला डोळा लावला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. आत तपकिरी डाग होता, बशीत सांडलेला चहा वाळला की दिसतो तसा. इकडून फिरवला, तिकडून फिरवला. डागच. लेक मला डोळ्यांनी खुणावत होती. तिकडे बघायचं मी टाळलं.

"काय दिसतं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. डाग आहे. फोटो कधीच गेलाय."

"आई!" लेक ओरडली.

आणि हे हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "घड्याळवाल्यानं मला टाक परत देतानाच सांगितलं," म्हणाले. "भिंग साफ झालं, पण मागचा फोटो खराब झालाय, ह्यात बघण्यासारखं काही उरलं नाही."

"मग दिवसभर सगळ्यांना विचारत कशाला बसलात?" मी म्हटलं.

"बघत होतो, कोण काय सांगतं."

जावईबापू दाराशी काढलेल्या चपलांकडे बघत राहिले. लेकीला रडू फुटलं. ह्यांनी चाचपत तिचं डोकं शोधलं, थोपटलं. "रडू नकोस गं वेडाबाई. तुझा पूल चांगला होता." मग तोंड माझ्याकडे वळवलं. "आता तू सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

मी लेकीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली, पण नको म्हणाली नाही. मी सांगितलं. नस सुकतेय. वर्षभरात उजवाही जाणार. सांगितलं सगळं. इतके दिवस घशाशी अडकलं होतं ते.

हे बराच वेळ टाक बोटांत फिरवत बसले. मला वाटलं, खचले. लेक म्हणत होती तेच खरं. तेवढ्यात म्हणाले, "वर्ष म्हणजे बराच वेळ आहे. ट्रंक काढ जरा."

पलंगाखालची ट्रंक मी ओढून काढली. एकेक टाक ह्यांच्या हातात द्यायचा, हे डोळे मिटून चाचपायचे, आणि विचारायचे. मासा कळला, छत्री कळली. "ह्याच्या निबेवर गंज आहे?"

"आहे."

"किती?"

"मोहरीएवढा. टोकाजवळ. आणि दांडीला चीर गेलीय."

"चीर? कधी?"

"मला काय विचारता? मी कधी हात लावलाय का तुमच्या ह्या खजिन्याला?"

"आता लावायचा," हे म्हणाले. मी टाक फडक्यानं पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी थेंब आणायला निघालो. आमचा रस्ता नळासाठी खणून ठेवलाय, मातीचे ढीग, आडव्या फळ्या. कोपऱ्यावर आल्यावर ह्यांनी काठी काखेत मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, भर रस्त्यात ह्यांनी माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. लोक बघत होते. बघू देत.

"पुढं काय आहे?"

"खड्डा," मी म्हटलं.

"मोठा?"

"चांगलाच मोठा. लांब पाऊल टाका."

काठीनं चाचपलं नाही, पायानं चाचपलं नाही. ह्यांनी लांब पाऊल टाकलं.