भोईर बाईंची बॅटरीची गाडी

“गाडीत दोष नाही, बाई,” मी तिसऱ्यांदा सांगितलं. “पेडलवरचा पाय सुटत असणार.”

पनवेलजवळच्या नेरे गावात भोईर बाईंच्या अंगणात त्यांची दोन सीटची बॅटरीवरची गाडी उभी होती. मी नुकताच ती घेऊन गावाबाहेर दोन फेऱ्या मारून आलो होतो. एकदाही बंद पडली नव्हती. बाई चालवायच्या तेव्हा मात्र ती रस्त्यात बंद पडायची. त्या आठवड्यात चौथ्यांदा पडली, तेव्हा मागून येणारा खडीचा ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला होता.

“सावंत, माझा एकच पाय चालतो,” बाई म्हणाल्या. “तो कुठे ठेवलाय ते मला माहीत असतं.”

मी वाद घातला नाही. सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं, ‘दोष आढळला नाही. ऑपरेटरची चूक.’ सही ठोकली आणि स्कूटरला किक मारली.

मी तेव्हा कळंबोलीला फोर्कलिफ्टचा सर्व्हिस इंजिनीअर होतो. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढच्या दोन पोलादी दांड्यांवर माल उचलून गोदामात रचणारी गाडी. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट येऊ लागल्या होत्या आणि अख्ख्या वर्कशॉपमध्ये त्यातलं कळणारा मी एकटा. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. पण त्या शहाणपणाचा मला ताठा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भोईर बाई पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय अधू. क्लच दाबता येत नसल्याने साधी गाडी चालवणं शक्य नव्हतं. अकरा वर्षं त्या ठरवलेल्या रिक्षाने शाळेत गेल्या. रिक्षावाल्याला ताप आला की बाईंची रजा पडायची. मग त्यांच्या भावाने, जनार्दनने, कुठूनशी ही बॅटरीची गाडी आणली. क्लच नाही, गिअर नाही, दोनच पेडल. चार वर्षं बाई स्वतः गाडी चालवत शाळेत जात होत्या. ती बनवणारा छोटा कारखाना मात्र केव्हाच बंद झाला होता, त्यामुळे पार्ट मिळेनात, म्हणून जनार्दनने मला गाठलं.

गाडीतली वेग कमीजास्त करायची पद्धत जुनी होती. जाड तारेची वेटोळी असायची. पेडल दाबत गेलं की एकेक वेटोळं विजेच्या वाटेतून बाजूला व्हायचं आणि दर वेळी गाडी हिसका द्यायची. त्या हिसक्यांनी बाईंची कंबर धरायची, शिवाय बरीच वीज वेटोळी तापवण्यातच जायची. आमच्याकडे अपघातात मोडलेली एक फोर्कलिफ्ट पडून होती. तिचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जवळजवळ नवा होता. कंट्रोलर म्हणजे मोटारला जाणारी वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करणारा डबा. त्याने गाडी लोण्यासारखी चालते. आमचे साहेब, दातेसाहेब, म्हणाले, “घेऊन जा. पण रविवारी काम कर.”

दोन रविवार खपून मी जुनी वेटोळी काढली आणि कंट्रोलर त्याच्या सगळ्या सरंजामासकट बसवला. पहिल्या दिवशी बाई गाडी चालवून आल्या आणि म्हणाल्या, “सावंत, आज कंबर माझी मला परत मिळाली.” मी दोन दिवस हवेत होतो. मग गाडी बंद पडायला लागली.

तिसरा रिपोर्ट जनार्दनने वाचला आणि दुसऱ्याच दिवशी तो वर्कशॉपवर आला. भाताची शेती आणि दोन टेम्पो असलेला दणकट माणूस, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर टेकून बसला.

“सावंतसायेब, खरा सांगा. तिला आता नाय जमत ना?”

“पाय सुटत असेल,” मी म्हणालो.

“मंग आमी गाडी इकून टाकतो. रिक्षा लावून देतो पयल्यासारखी. ट्रकखाली गेली तं काय करू? एकच बईन हाय मला.”

मी मान डोलावली. तो गेल्यावर दातेसाहेब वर न बघता म्हणाले, “जुन्या पार्टवर चार वर्षं पाय सुटला नाही. तुझ्या पार्टवर लगेच सुटायला लागला?”

“कंट्रोलर चांगला आहे, साहेब.”

“मी कंट्रोलरचं विचारलं नाही.”

त्याच दुपारी शाळेतून बाईंचा फोन आला. आवाज वर्गातलाच. “जनार्दनने गिऱ्हाईक बघितलंय. उद्या सकाळी शाळेच्या वेळेला या. गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं आणि फक्त बघायचं.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिन्ही वेळा गाडी मीच चालवून पाहिली होती. त्यांना चालवताना एकदाही पाहिलं नव्हतं. खरं कारण सांगायचं तर, अधू पायाची बाई चालवणार आणि मी शेजारी बसणार, या कल्पनेची मला भीती वाटली होती.

बाई उत्तम चालवत होत्या. मी नजर त्यांच्या उजव्या पायावर खिळवून ठेवली होती. गाव सुटलं, खड्डे सुरू झाले. ओढ्यावरच्या एका मोरीवर मोठा खड्डा आला आणि गाडी गपकन बंद पडली. पाय पेडलवर दाबलेलाच होता. जराही हलला नव्हता.

पण त्याच क्षणी मला दुसरं काहीतरी दिसलं होतं. मोठा खड्डा आला की बाई डाव्या हाताने सीटची कड धरून अंग किंचित वर उचलायच्या, कमरेला धक्का बसू नये म्हणून.

“बाई, आत्ता हात टेकून उठलात तसं पुन्हा उठा.”

“मी उठले?” त्यांना पत्ताच नव्हता. त्या पुन्हा उठल्या आणि सीटखाली बारीक ‘टक’ आवाज झाला.

फोर्कलिफ्टच्या सीटखाली एक स्विच असतो. ड्रायव्हर उठून गेला तर मोटार बंद व्हावी म्हणून. कंट्रोलरच्या सरंजामात तोही आला होता आणि हाताच्या सवयीने मी तो बसवून टाकला होता. एकदा वीज तुटली की पेडल पूर्ण सोडून पुन्हा दाबल्याशिवाय गाडी निघत नाही. घाबरलेला माणूस तर पेडल आणखी दाबून धरतो. माझं वजन ब्याऐंशी किलो, सगळा भार सीटवर. माझ्या हातात गाडी कशाला बंद पडेल?

मी मोरीवरच सीट काढली, स्विच सोडवला, त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टेप गुंडाळली. पुढे पनवेलपर्यंत गाडी कुठेही थांबली नाही.

संध्याकाळी जनार्दनसमोर मी सांगितलं, “चूक माझी होती. बाईंची कधीच नव्हती.” तो चिडेल असं वाटलं होतं. तो उठून आत गेला आणि भाकरी वाढायला सांगून आला. बाईंनी तिन्ही रिपोर्ट पुढे ठेवले. “खोडा, खाली बरोबर लिहा आणि सही करा.” मी तीन वेळा लिहिलं.

बाईंनी दातेसाहेबांकडे तक्रार करायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी मला शेजारी बसवलं. हे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी तो फोन केला नसता तर माझ्या तीन सह्यांनी एक उत्तम ड्रायव्हर पुन्हा रिक्षाची वाट बघत बसली असती, आणि मी मात्र जन्मभर माझ्या कंट्रोलरची तारीफ करत फिरलो असतो. पुढे कितीतरी वर्षं बाई ती गाडी चालवत होत्या.

रिटायर होईपर्यंत मी ऑपरेटर मशीन चालवताना पाहिल्याशिवाय रिपोर्ट लिहिला नाही. फोर्कलिफ्टला शेजारची सीट नसते. बाजूने चालत जावं लागतं.