हौसाक्कांच्या नावावरची चार वाक्यं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला माझं सगळं ठाऊक असतं — होस्टेलवर कधी उपाशी झोपले, मुलाखतीला कुणाची चप्पल मागून घालून गेले — पण हे तिलाही ठाऊक नाही. एकदा ओठांवर आलं होतं. पण मी काम केलेलं ते पुस्तक तिनं देवाच्या फळीवर ठेवलंय, त्याच्यापुढं उदबत्ती लावते. तिला वाचता येत नाही. कसं सांगू?

पुस्तक म्हणजे स्मरणिका. सांगलीतल्या एका फर्मची. शेतजमिनी घ्यायच्या, बिगरशेती करायच्या, प्लॉट पाडून विकायचे, हा त्यांचा धंदा. ज्यांनी तो सुरू केला त्यांना सगळे नाना म्हणत. नाना गेले आणि त्यांच्या मुलाला वाटलं, वडिलांच्या कामाचा इतिहास कुठंतरी राहिला पाहिजे. ऑफिसच्या माळ्यावर जुने नकाशे होते, जाहिराती होत्या, फोटो होते. उंदीर लागले होते सगळ्याला. ते नीट लावायचं, ज्यांच्या जमिनी घेतल्या आणि ज्यांनी पहिले प्लॉट घेतले त्यांना भेटायचं, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून लिहायच्या — असं ते काम. कॉलेजातल्या आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं. "जतची आहे, साधी आहे, मन लावून करते," म्हणाले.

मन लावूनच केलं मी. हे स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही — खरंच केलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर असतात, एरवी मेंढरांमागं. आमच्याकडं निम्मं बोलणं कानडीत होतं. सांगलीत आले तेव्हा वर्गात तोंड उघडायला मी घाबरायची. आणि इथं मोठमोठे लोक मला खुर्ची देत होते, चहा विचारत होते, "घे, लिहून घे" म्हणत होते. मला फार बरं वाटायचं. मी एकेक नकाशा ब्रशनं झाडून ठेवला. एकेका फोटोमागं पेन्सिलीनं नावं लिहिली.

त्यात एक फोटो होता. फर्मच्या पहिल्या लेआउटचा, आष्ट्याचा. ऊस नुकताच काढलेल्या रानात पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारल्यात, नाना नारळ घेऊन उभे आहेत, सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. फक्त एक बाई, डोक्यावर पदर, पाठ करून उभी. तिचं तोंड बांधाच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाकडं. मी नानांच्या मुलाला — साहेबांना — विचारलं, या कोण? ते म्हणाले, "हौसाक्का. जमीन त्यांचीच की! आहेत अजून, त्याच कॉलनीच्या कडेला राहतात. त्यांच्याशिवाय पुस्तक कसलं होतंय?"

मी फोन लावला. सून होती, सुनीता. तिनं फोन म्हातारीच्या हातात दिला.

"कोण गं तू? कुठली?"

मी सांगितलं. जतची म्हटल्यावर हसल्या. "आगं बाई, पाण्यापायी लय हाल तुमचं." मग थांबून म्हणाल्या, "पोरगी हायस न्हवं? मग बरं झालं. फोनवर न्हाई बोलायची मी. तू ये. एक गोष्ट हाय, ती त्या पुस्तकात आली पायजे. नानानं शब्द दिल्याला, आता नाना न्हाई. बापय मानसाम्होरं काढाय नगं वाटतंय ती गोष्ट. तू ये, मंजी सांगती."

रविवारी येते म्हणाले.

आता ते सांगायचं, ज्याची लाज सगळ्यात जास्त वाटते. मोठं कारण असतं तर निदान सांगायला जागा असती. नव्हतं. शुक्रवारी आमच्या वर्गातल्या मुलींचं त्याच रविवारी महाबळेश्वरला जायचं ठरलं. एकीच्या वडिलांची गाडी होती. त्यांनी मला विचारलं — पहिल्यांदाच. तोवर त्यांच्या कुठल्याच बेतात मी नसायची. डब्याच्या वेळी मी नोट्स वाचत असल्याचं दाखवायची. आणि आता त्यांतली एक म्हणाली, "अगं चल की, तुझ्याशिवाय काय मजा!" तिनं सहज म्हटलं असेल. मला ते सहज वाटलं नाही.

मी आष्ट्याला फोन करून सांगितलं, ताप आलाय.

"ताप?" हौसाक्का म्हणाल्या. "मग पडून ऱ्हा बाई. होस्टेलात कोन बघतंय का तुला? गवती चहा मिळला तर उकळून घे. मी काय, कुठं पळून चाललीया?"

महाबळेश्वरला धुकं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा स्ट्रॉबेरी खाल्ली. शेतावरच, वर साय घातलेली. फोटो काढले. त्यांत मी मधोमध आहे, हसतेय. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. काढून टाकावा असं कितीदा वाटलं, टाकवत नाही. मला त्या दिवशी खूप छान वाटलं होतं — हेही खरंच आहे ना?

पुढच्या आठवड्यात परीक्षा. आष्ट्याहून फोन आला तो मी उचलला नाही. परत आला, तेव्हा वर्गात आहे असं कुजबुजून ठेवून दिला. होते की मी होस्टेलवरच! तिसऱ्यांदा आला तो सुनीताचा. सासूबाई गेल्या म्हणून. झोपेतच गेल्या.

मी सांत्वनाला गेले नाही. काय तोंड घेऊन जायचं होतं?

त्यानंतर पान छापायला जायची वेळ आली. फोटो लावून झाला होता, खाली जागा रिकामी. साहेबांनी विचारलं, "आक्कांचं घेतलं होतंस न्हवं तू? जायच्या आधी?"

"हो सर," मी म्हणाले.

असं का म्हणाले? नाही म्हटलं असतं तर ते रागावले असते, फार तर. नाही, तेवढंही नाही — हळहळले असते आणि पानावर नुसता फोटो लावला असता. पण 'मन लावून करते' हे माझं सांगलीतलं एकुलतं एक नाव होतं. ते जाईल असं वाटलं. एवढंच.

कॉलेजच्या लायब्ररीत खिडकीशी बसून मी लिहिलं. फार वेळ लागला नाही. इतरांच्या आठवणी ऐकून ऐकून मला कळलं होतं, साहेबांना काय आवडतं. आमच्या आजीची बोलायची ढब थोडी उसनी घेतली, आष्ट्याकडची थोडी मिसळली. चार वाक्यं झाली. "आमी रान दिलं ते हसत दिलं. नानाला म्हनलं, आमची कसलीबी आट न्हाई. ज्यास्नी घर न्हाई त्यांची घरं हुतील, ह्यातच सगळं आलं. आता दिवं लागल्यालं बगितलं की रान पिकल्यावानी वाटतंय."

शेवटच्या वाक्यावर मी खूश होते. खरं सांगते. दोनदा वाचलं ते, मनात म्हटलं, छान जमलंय. आणि दुसरं वाक्य? ते फक्त पहिल्याला जोड म्हणून घातलं. त्यांना कशाचा तरी शब्द दिला होता हे मला माहीत असताना. त्यांनीच सांगितलेलं असताना. तरी ते वाक्य लिहिताना माझा हात अडला नाही. कानाला बरं वाटलं, लिहून टाकलं.

प्रकाशनाच्या दिवशी हौसाक्कांचा मुलगा ते पान घेऊन माझ्याकडं आला. रडत होता. "आमची आय जित्ती केलीसा बघा ताई. आगदी आशीच बोलायची." त्यांनी त्या पानाला फ्रेम करून घेतली. मला शाल मिळाली.

इथंच संपलं असतं तर — नाही, तरीही ते खोटंच होतं. पण इथं संपलं नाही.

वर्षभरानं त्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत नानांच्या नावानं सभागृह बांधायचं ठरलं. रहिवाशांची बैठक बोलावली. तेव्हा मी फर्ममध्येच अर्धवेळ काम करत होते, फोटो काढायला गेले होते. सगळ्यांना सभागृह हवंच होतं, बारशाला आणि साखरपुड्याला जागा होईल म्हणून. इतक्यात मागून सुनीता उभी राहिली. बायकांत बसलेली ती एकटीच उभी राहिली.

"आवं साहेब, लिंबाचा कोपरा सोडून बांधा. सासूबाईंची आट हुती. नानांनी शब्द दिल्याला."

"तुझं आपलं कायतरीच!" पुढून एक माणूस हसत म्हणाला. "म्हातारीनं झाडासंगं लगीन लावल्यालं व्हय?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत, ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्मरणिका मागवली. पान उघडलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं — हसत दिलं, आमची कसलीबी आट न्हाई. मग म्हणाले, "वहिनी, हे आक्कांचेच शब्द आहेत. अट असती तर त्यांनी सांगितली नसती का?"

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. घरात फ्रेममध्ये असलेलं ते पान ती पहिल्यांदाच ऐकत होती, तिला वाचता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"ताई, फोनवर तुमी लिवून घेतलंसा न्हवं? आशा म्हनाल्या त्या?"

सगळे माझ्याकडं वळले. हातात कॅमेरा होता. मी मान हलवली. हो म्हणून.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि बसली. "त्यांनीच सोडलं म्हटल्यावर मी कोन?"

बैठक संपल्यावर ती माझ्यासोबत कडुलिंबापर्यंत चालत आली. तिथं तिनं मला सांगितलं. हौसाक्कांचं पहिलं मूल, मुलगी, दात यायच्या आधीच गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्यांनी आपल्याच रानात पुरली, बांधाच्या कोपऱ्यात, खड्ड्यात मीठ घालून. वर दगड ठेवला. लिंब नंतर लावला. जमीन विकताना त्यांनी नानांना एकट्याला गाठून एवढंच मागितलं की त्या कोपऱ्यावर पाया खोदायचा नाही. ही अट नवऱ्याला माहीत नव्हती, मुलालाही नाही. पोरीचं नाव घरात कुणी काढायचं नाही अशी पद्धत. सुनेला सांगितलं ते जायच्या थोडे दिवस आधी. दर आवसेला त्या तिथं तांब्याभर पाणी ओतायच्या, लोकांना वाटायचं झाडाला घालतात.

"साऱ्या लोकांत मला बोलता येईना," सुनीता म्हणाली. "बापय हुतं, दीर हुता. पर बरं झालं बाई. जाताना तुमच्यापाशी मन मोकळं करून गेल्या. मला लय घोर हुता, त्यांचा जीव हितंच घुटमळंल म्हनून."

आणि मी काय केलं? साहेब अजून मंडपात होते. खुर्च्या उचलणं चाललं होतं. पन्नास पावलंसुद्धा नसतील. मी तिचा हात धरला, सोडला आणि सांगलीच्या एसटीत बसले.

लिंब पावसाळ्याच्या आधी पाडला. सभागृह झालं. उद्घाटनाला बोलावणं होतं, मी आजारी असल्याचं कळवलं. म्हणजे पुन्हा तेच.

ती स्मरणिका आता कॉलेजच्या लायब्ररीत आहे. एम.ए.च्या मुलाखतीत मी ती पुढं ठेवली होती. मॅडमनी नेमकं तेच पान उघडलं आणि म्हणाल्या, लोकांचा आवाज पकडायची चांगली हातोटी आहे तुझी. मला प्रवेश मिळाला. घरून येता-जाता आष्टा लागत नाही मला, तरी मैत्रिणी कोल्हापूरला किंवा इस्लामपूरला चल म्हणाल्या की मी आधी विचारते, कुठल्या रस्त्यानं?

फोटोतली हौसाक्कांची पाठ मी आता ओळखते. नारळ फुटत होता तेव्हा त्या कोपऱ्याकडं बघत होत्या. मी मागं पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलंय, बरोबर लिहिलंय.

पण फोटोखाली छापलेली चार वाक्यं त्यांची नाहीत. माझी आहेत. त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या. ज्या फोनवर मी वर्गात असल्याचं सांगितलं, त्या फोनवर त्यांनी एवढंच विचारलं होतं — ताप उतरला का गं तुझा?