दाजींच्या बारा यंत्रांची सावड

मी लिहिणारा माणूस नव्हे. आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिण्याची वेळ माझ्याआधी कोणावर आली नव्हती, आणि माझ्यावर आली ती परीक्षेपुरती. तेव्हा एका जित्याजागत्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसणं हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा. पण शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके, डोंगरावरचे सगळे पाडे धरून, पालथे घातले तरी माझ्या दाजींइतका उत्साही माणूस सापडायचा नाही, आणि हे मी नाही लिहिलं तर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

दाजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे यजमान. मी मुरबाडकडच्या आमच्या गावातून शहापूरच्या कॉलेजात शिकायला आलो तो ताईच्याच घरी राहिलो. दाजींचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता. एके दिवशी त्यांनी टाइपरायटर माळ्यावर टाकले आणि पाटी रंगवून कॉम्प्युटरचा क्लास सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. "आधी पाटी लावायची. पाटी बघून कॉम्प्युटर येतो," असं ते म्हणत, आणि खरंच तो आला. दाजींच्या आयुष्यात सगळं याच क्रमानं घडत असे. कपाट आधी, मग कपडे. ताई म्हणायची, "लग्नाला पण वरात आधी काढली, मग मुलगी बघायला आले." जेवताना त्यांना एखादी कल्पना सुचली की ते भाकरीचा तुकडा हवेत धरून बोलत राहत आणि तो तुकडा शेवटी मांजराला मिळे. आमचं मांजर त्यामुळे अंगानं चांगलं भरलं होतं. बंद पडलेला कॉम्प्युटर आणला की ते पहिल्यांदा त्याचा मागून वास घेत. "धुळीचा वास आला तर जगेल, जळका आला तर नाय," हे त्यांचं निदान, आणि ते चुकलं तरी त्यांना वाईट वाटत नसे. ते लगेच दुसऱ्याचा वास घेत.

कॉलेजनं त्यांना तासावर बोलावून एक लहानसा सर्टिफिकेट कोर्स चालवायला दिला होता. मोठं स्वप्न मात्र वेगळंच होतं. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी नव्हती. ज्याला ती हवी त्यानं कल्याणला जायचं, आणि ज्याला रोजचं जाणं-येणं जमत नाही त्यानं, त्यातही मुलींनी, ती सोडून द्यायची. प्राचार्यांनी विद्यापीठाकडे अर्ज केला होता, पाहणीला समिती येणार होती, आणि दाखवायला आमच्याकडे एक लांबट खोली आणि चार कॉम्प्युटर होते. त्यातला एक प्राचार्यांचाच होता. समितीला पटलं तर अभ्यासक्रम मिळणार, नाही तर ती खोली कॅरमला देऊन टाकायची असं ठरलं होतं. कॅरमवाले अधूनमधून दारातून डोकावून मापंही घेत.

अशा वेळी वाशिंदच्या एका कारखान्यानं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. दाजींनी ते कोणाकोणाच्या हातापाया पडून कॉलेजला मागून घेतले आणि टेम्पोत भाताचा पेंढा पसरून, त्यात आंब्यासारखे रचून आणले. मी सोबत होतो. वाटेत एका म्हातारबाबांनी हात दाखवून टेम्पो थांबवला आणि विचारलं, "काय रे, टीव्ही इकाया चाललाव?"

"टीव्ही नाय बाबा, महासंगणक हाय! सुट्टा!" दाजी आतून ओरडले.

सुट्टा महासंगणक हीच त्यांची कल्पना होती. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवायची फुकट प्रणाली होती, आणि त्याच मासिकात असं छापलं होतं की साधे कॉम्प्युटर तारांनी जोडून, एकच मोठं गणित सगळ्यांत वाटून दिलं, तर ते मिळून एखाद्या महासंगणकासारखं काम करतात. परदेशातल्या विद्यापीठांत असं केलं होतं म्हणे. दाजींनी ते वाचलं आणि मासिक माझ्या अंगावर टाकलं. "मेव्हणे, हे तर आपलंच हाय की! ही सावड हाय, सावड!"

सावड आमच्याकडे पोराटोरालाही माहीत असते. भाताच्या आवणीला एकट्या घराचं बळ पुरत नाही, म्हणून आज सगळे मिळून तुमच्या खाचरात रोपं लावायची, उद्या सगळे माझ्या. दाजींना महासंगणक समजला तो असा, आणि एकदा समजल्यावर त्यांनी कोणाचंही ऐकलं नाही.

पुढचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते असं म्हटलं तर आई रागावेल, पण ते खरं आहे. आम्ही बारा यंत्रं जगवली. लाकडी फळ्यांची मांडणी केली. तारा कापून त्यांच्या टोकांना क्लिपा दाबल्या. आठही रंगीत तारा ओळीनं बसवताना दाजी आरती म्हणावी तसे रंग म्हणत, आणि मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्या रंगापासून सुरू. पहिल्यांदा बाराही यंत्रं एकदम चालू केली तेव्हा फ्यूज उडाला आणि प्राचार्यांच्या केबिनचा पंखा बंद पडला. प्राचार्य घाम पुसत आले. दाजी त्यांना मिठी मारायचेच बाकी होते. "सर, बघितलंत किती ताकद हाय ह्याच्यात!"

प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक नाव द्यावं लागतं. दाजींनी सगळे नातेवाईक वाटले. सगळ्यात वेगवान यंत्राला ताईचं नाव, कारण "बोलण्यात तिला कोण गाठणार?" एकाला माझं, आणि सगळ्यात जुन्या, पिवळ्या पडलेल्या, सुरू व्हायलाच वेळ घेणाऱ्या यंत्राला सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या काकांचं. काकांना सगळे अप्पा म्हणत. ताईला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस दाजींना भाताबरोबर वरण दिलं नाही.

दाखवण्यासाठी दाजींनी एक चित्र निवडलं होतं. एका गणिती सूत्रातून उमटणारी नक्षी, पानाफुलांसारखी, हजारो रंगीत ओळींची. प्रत्येक ओळीचं गणित वेगळं सोडवावं लागतं. दाजींनी ओळींचे बारा सारखे पट्टे केले आणि एकेकाला एक दिला. आम्ही श्वास रोखून पडद्याकडे बघत होतो. ताईचा पट्टा झरझर भरला. माझा भरला. एकामागून एक रंग चढत गेले, दाजी टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळं थांबलं. तळाशी एक काळा पट्टा उरला होता, लावायचं राहून गेलेल्या खाचरासारखा. तो अप्पांचा. आम्ही चहा केला, प्यायलो, कपबशा विसळल्या. अप्पांच्या चार ओळी झाल्या होत्या. अकरा यंत्रं हातावर हात ठेवून बसली होती. शेवटी मी घड्याळ लावून बघितलं, तर एकट्या ताईच्या यंत्रानं ते अख्खं चित्र बारा जणांच्या आधी काढलं.

म्हणजे आम्ही महासंगणक केला होता आणि तो एका साध्या संगणकाहून मंद होता.

मी भीत भीत म्हटलं, "दाजी, अप्पांना कमी ओळी देऊया? किंवा… काढूनच टाकूया?"

दाजींचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "सावडीत कोणाला लावणीची पात, त्याच्या वाट्याचा पट्टा, कमी देतात का रे? कमी दिली म्हंजे त्याला हिणवला. आणि काढून टाकू? सावडीला आलेला माणूस हाकलू?"

"पण दाजी, यंत्र आहे ते."

"मग त्याला अप्पा नाव कशाला दिलं?" ते म्हणाले. नाव त्यांनीच दिलं होतं.

समिती सोमवारी यायची होती. शनिवारी दुपारी ताई डबा घेऊन कॉलेजवर आली तेव्हा आम्ही दोघं त्या काळ्या पट्ट्यासमोर तोंड पाडून बसलो होतो. दाजींनी जेवायला नकार दिला. तिनं झाला प्रकार माझ्याकडून काढून घेतला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवो, तुमी माझ्या माहेरच्या आवणीला आलाव का नाय?"

"आलोय की."

"मंग अप्पा चिखलात उतरलेले बघितलेत कवा? गुडघं धरलेत त्यांचं. ते बांधावर उभं ऱ्हातात नी ज्याचे हात रिकामे झाले त्याच्याकडं रोपांची जुडी फेकतात. गेल्या साली तुमच्याकडं फेकली तं तुमी टाळक्यावर झेललीत."

"ते ऊन डोळ्यात—" म्हणता म्हणता दाजी थांबले. मग सावकाश उठले. मग ताईला खांद्याला धरून गदागदा हलवत म्हणाले, "बांधावर! अगो, अप्पा बांधावर!"

"आता काय म्हनलं मी?" ताईनं मला विचारलं. पण मला हसू आवरत नव्हतं, कारण मलाही दिसलं होतं. चित्राचे सारखे पट्टे आधीच वाटायचे नाहीत. अप्पांनी एकही ओळ काढायची नाही. त्यांनी फक्त थोड्या थोड्या ओळींची जुडी द्यायची, ज्याचे हात रिकामे झाले त्याला. ताई दहा जुड्या लावील, मंद यंत्र दोन लावील, पण कोणी कोणासाठी खोळंबणार नाही आणि कोणाचा अपमानही होणार नाही. प्रोग्राम बदलायला आम्हाला रविवारचा पूर्ण दिवस लागला. दाजी सांगत होते, मी लिहीत होतो, आणि चुकलं की दोघं एकमेकांवर ओरडत होतो. संध्याकाळी चालवून बघितला. चहाचं आधण ठेवलं होतं, त्याला उकळी फुटायच्या आत चित्र पूर्ण झालं. दाजी खोलीतून धावत बाहेर गेले आणि मैदानात कॅरमवाले बसले होते त्यांना एकेकाला ओढून आत घेऊन आले.

सोमवारी समितीतल्या बाई फळ्यांच्या मांडणीपाशी बराच वेळ थांबल्या. चित्र त्यांनी दोनदा बघितलं. पिवळ्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "हा इतका जुना काय करतो?"

"तो काय नाय करत मॅडम," दाजी म्हणाले, "तो फक्त बघतो, कोणाचे हात रिकामे झाले."

बाई हसल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आपलं शिक्षण?"

"बारावी सायन्स. दुसऱ्या खेपेला."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि समिती जेवायला गेली. दाजी दिवसभर उड्या मारल्यासारखे चालले, पण घरी येताना त्यांनी मला एकदाच विचारलं, "मेव्हणे, मी बीएस्सी म्हनलं असतं तं चाललं असतं का रे?" मी नाही म्हणालो. मला खरं तर माहीत नव्हतं.

त्यानंतर काहीच कळेना. माझी पदवी झाली, मी नोकरीसाठी पुण्याला आलो, आणि ज्या दिवशी फोन करीन त्या दिवशी पहिला प्रश्न तोच असे, "आलं का विद्यापीठाचं?" ताई म्हणायची, "नाय रे." पुढे पुढे मी विचारणं सोडलं. मला वाटत राहिलं की ते उत्तर दाजींच्या बारावीनंच अडवलं असावं, आणि त्यांनाही आतून तसंच वाटत असणार.

मग एका जूनमध्ये ताईचाच फोन आला. अभ्यासक्रम मिळाला होता. नवे कॉम्प्युटर आले, पाड्यांवरच्या मुलींचीही नावं लागली, आणि शिकवायला कल्याणहून एक एम.एस्सी. झालेले तरुण सर नेमले. नियमाप्रमाणे पदवी नसलेल्या माणसाला तिथं शिकवता येणार नव्हतं. दाजींचे तास बंद झाले होते.

"दाजी कसे आहेत?" एवढंच मी विचारलं.

"त्यांना काय धाड भरलीय?" ताई म्हणाली. "पहिल्या वर्षाला नाव घातलंय त्यांनी. बारावीचा दाखला हाय ना. सकाळी पोरांच्या आधी जाऊन बसतात. नवीन सर वर्गात आलं का सगळ्यांच्या आधी हेच उभं ऱ्हातात."