प्रेसवरच्या बाया

पुतळाबाई पिशोरकडच्या मेंढपाळाची लेक. लांडग्यानं फाडलेली मेंढी मांडीखाली दाबून दाभणानं शिवायचं काम तिनं दहाव्या वर्षी केलं होतं, त्यामुळं रक्ताला ती कधी बिचकली नाही. लग्नानंतर गारखेड्यात आली. नवरा हनुमान रिक्षा चालवायचा आणि ती एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात माल पुसून खोक्यात भरायची. मशीनवर तिथं गडीच बसायचे.

त्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि कारखान्याला तोफगोळ्यांच्या पितळी बुडांची मोठी ऑर्डर आली. गडी कमी पडले. मग सुपरवायझर गोकुळनं अकरा बायांना आठवडाभर शिकवून प्रेसवर बसवलं. लोखंडी दट्ट्या पितळेच्या चकतीवर आदळला की पायाखालची फरशी हादरायची. पुतळाबाईला ते लई आवडलं. हनुमानला तिनं ऐटीत सांगितलं, की आता ती पुसायला नाही, गोळे बनवायला जाते.

मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच दट्ट्या खाली यायचा, म्हणजे हात आत राहायची भीती नको. पण त्यात वेळ जायचा, म्हणून गोकुळनं एकेक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलं. पुतळाबाईनं हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ सीमेवर आहे, बाया घाबरल्या असं त्याला कळवू का? भावाचं तो खोटं बोलत नव्हता. तिनं पुढची चकती उचलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मशीनवरच्या सोनियाची चकती तिरकी बसली. ती सरळ करायला उजवा हात आत गेला आणि डावा सवयीनं बटणावर पडला. दट्ट्या वर गेला तेव्हा बावीस वर्षांच्या पोरीची चार बोटं पितळेत चेपली होती आणि रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. पुतळाबाईनं तिला खाली निजवलं, मनगटाला ओढणी आवळली, गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ दिला.

"मावशी, माझी बोटं काढा," एवढंच सोनिया म्हणत राहिली.

टेम्पोनं तिला दवाखान्यात नेलं. गोकुळनं सळईनं साचा खरवडला, पाणी मारलं आणि पुतळाबाईला त्याच मशीनवर बसायला सांगितलं.

"आधी ती पट्टी काढा," ती म्हणाली.

"बस म्हटलं ना."

तिनं स्वतःच पट्टी ओरबाडली. गोकुळनं तिला अंबाड्याला धरून मागं खेचलं आणि थोबाडीत मारली, ओठ फाटला. तिच्या हाताला पाना लागला. पहिला घाव त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वच्छ ऐकला, आणि तिला बरं वाटलं. दुसरा खांद्यावर बसला. तिसरा डोक्यावर बसला असता, पण बायांनी तिला मागून कवळा घातला.

पोलिसांनी तिला नेलं. इकडं उरलेल्या नऊही बाया मशीन सोडून दारात बसल्या आणि मालकानं साऱ्या पट्ट्या काढेपर्यंत उठल्या नाहीत. पुतळाबाईची नोकरी गेली. सोनियाच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला.

खटला अजून चालू आहे. गोकुळची माफी मागितली तर मिटेल, असं वकिलानं सुचवलं. 

"दोन घावांची नाय मागणार," पुतळाबाई म्हणाली. "तिसऱ्याची मागीन. तो बसला असता तर माणूस मेला असता, अन् मी मी उरले नसते."

सध्या ती दुसऱ्या कारखान्यात प्रेस चालवते.