हेमकांतच्या नावाने

प्रतिभाताईंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तापीकाठच्या त्यांच्या गुजर वस्तीत त्या वयाच्या बायका घेतच नाहीत, "धीरजना बाबा" म्हटलं की भागलं. आणि आता बघा, त्याच बाई रोज दुपारी मोबाइलवर इंग्रजी मजकुराखाली 'हेमकांत' अशी सही ठोकत होत्या!

हेमकांत जाऊन वर्ष होत आलं होतं. केळीची शेती सांभाळून माणसाला नाद एकच, जुने रेडिओ दुरुस्त करायचे. त्या नादापायी ते जगभरच्या रेडिओवेड्यांच्या एका ऑनलाइन गटात शिरले. कोणी नॉर्वेचा, कोणी ब्राझीलचा, म्हणून तिथे लिहायचं ते इंग्रजीतच. हेमकांतचं इंग्रजी यथातथा, पण हौस दांडगी.

दिवसकार्य उरकलं आणि नॉर्वेच्या इंगा नावाच्या म्हातारीचा निरोप आला. गप्प का, बरा आहेस ना? प्रतिभाताईंना खरं सांगायचं होतं हो. पण इंग्रजी येतंय कुणाला! मोबाइललाच विचारून त्यांनी कसंबसं 'बरा आहे' लिहिलं, आणि ते गेल्याबरोबर छातीवरचं ओझं उतरलं. गावात नवरा मेला होता. तिकडे इंग्रजीत चांगला ठणठणीत होता.

मग काय, चटकच लागली. टेबलावर उघडे पडलेले रेडिओ होते, त्यांचे फोटो बाई पाठवू लागल्या. इंगा सांगायची, हे बटण फिरव, की बाई फिरवायच्या. एकदा एक रेडिओ घरघरला आणि त्या घरघरीत हेमकांत खोकले. अगदी त्यांचाच खोकला! बाईंनी घाबरून बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच पुन्हा लावलं.

"आई, हाई काय करी ऱ्हायनी तू?" धीरज ओरडला. "बाबा गयात ना!"

पोराचं काय चुकलं? पण बाईंना तो खोकला हवा होता.

मग गटाने नियम बदलला. आता ज्याने त्याने घरच्या भाषेत लिहावं, वाचणाऱ्याचा मोबाइल जमेल तसा अर्थ लावेल. इंगाने लाडाने लिहिलं, हेमकांत, बायकोशी बोलतोस त्या भाषेत लिही ना!

प्रतिभाताई मोबाइल धरून बसून राहिल्या. घरची अहिराणी. तिच्यातच त्या नवऱ्याशी भांडल्या, तिच्यातच त्यांना जेवायला हाका मारल्या, आणि तिच्यातच त्यांच्यासाठी टाहो फोडला होता. त्या भाषेत खोटं लिहायला बोट वळेना. शेवटी रडत रडत लिहिलं, "त्या गयात. मी त्यासनी बायको शे." ते गेले, मी त्यांची बायको आहे.

गटाची एक रीत होती. सभासद वारला की नावाला काळी पट्टी लावायची आणि खातं मानाने बंद करायचं. संध्याकाळच्या आत पट्टी लागली. खाली माणसं आपापल्या भाषेत हळहळत होती. त्यात इंगाही होती. तिने हेमकांतबद्दल दोन शब्द लिहिले आणि मग विचारलं, आणि बाई, तू कशी आहेस गं?

उत्तर लिहायची जागाच नाहीशी झाली होती. प्रतिभाताईंनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं, मोबाइल हलवून पाहिला.

"इंगाबाई," त्या मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "मी शे ना आजून. मी शे ना!"