आबांचा बिंडा

जेवणं उरकून माहेरच्या माजघरात चटईवर आडवी झालेय. वीज गेलीय, पंखा शेवटचे दोन फेरे घेऊन थांबतो. शेजारी जुई माझ्याकडे पाठ करून पडलीय, म्हणजे रुसलीय. नऊ वर्षांची आहे, रुसणं तिला उत्तम जमतं. उद्या सकाळी आम्ही पुण्याला परतणार, म्हणून आज संध्याकाळी विहिरीत तिला पाठीला तरंगायचा कॅन न बांधता पोहायचंय आणि बुडी मारून तळाला हात लावायचाय. माझा भाऊ म्हणतो, तीन आठवडे पोहतेय, आता कॅनची गरज उरली नाही. मी नाही म्हटलं. नाही म्हणजे नाही, असंही म्हटलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

डोळे मिटतात. कुठेतरी लाकूड तासल्याची खरखर ऐकू येते.

चुलीपाशी आबा बसलेत. माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली हे मला झोपेतही माहीत आहे, पण त्यात काही विशेष वाटत नाही.

"झोपलीस व्हय गं, वैजे?"

"नाही, जागीच आहे."

ते बिंडा तासतायत. आमच्या गावात पोर पोहायला शिकताना त्याच्या पाठीला पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधायचे, तो बिंडा. हल्ली तेवढं कोण करत बसतंय, तेलाचा रिकामा कॅन बांधला की झालं.

"मग ये खाली," आबा म्हणतात.

चुलीमागूनच विहिरीच्या पायऱ्या सुरू होतात. मी उतरत जाते, तर खाली आमचा पुण्याचा फ्लॅट. फरशीवर घोटाभर पाणी. जुईच्या अभ्यासाच्या टेबलावर आबा पाय सोडून बसलेत आणि तिचं विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल हातात घेऊन उलटसुलट बघतायत.

"ह्ये कुणी केलं?"

"जुईनं."

आबा मॉडेल माझ्यापुढे धरतात.

"मी केलं," मी म्हणते. "पण पहिला नंबर आला."

"आन् सर्टिफिकिट कुठाय?"

ते माझ्या कपाटात आहे. जुईनेच आणून ठेवलं. तुझं आहे ना, म्हणाली, अगदी सहज. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

पाणी कमरेला लागतं. हिरवं, गार. टेबल नाही, भिंतींना विहिरीचे दगड आलेत. आबा माझ्या हातात दोर देतात. त्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यात, जुई. मी दोर दोन्ही हातांनी आवळून धरते.

"सैल सोड."

"बुडेल ती."

"तू बुडालीस व्हय?"

"मला बिंडा होता, आबा. एकवीस दिवस."

आबांना हसू आवरत नाही. पुढचे दोन दात नसलेलं तेच हसू. "रोज जरा जरा तासत हुतो मी त्यो. तुला ठावं न्हाई. दहाव्या दिवशी लाटण्याएवढा उरला हुता. त्येच्यावर मांजर तरलं नसतं."

"मग बांधत कशाला होतात?"

"तुझी आई उभी असायची वर काठावर. तिला दिसाय नको, पोरीच्या पाठीला कायतरी हाय म्हून?"

एवढी वर्षं मी तो बिंडा माझा समजत होते.

"आणि मी खरंच बुडाले असते तर?"

"मी कुठं हुतो?"

मला आठवत नाही. मला वरचं गोल आभाळ तेवढं आठवतं.

"तुझ्या खाली हुतो," आबा म्हणतात. "पाण्यात. हात न लावता."

मला रडू येतं. पाण्यात कुणाला कळायचं नाही, पण आबांना कळतं.

"भीती वाटते हो, आबा. एकुलती एक आहे."

"भ्यायचं की. कोण नगं म्हनतंय? मला काय भ्या वाटत नव्हतं? पर तळाला हात कशापायी लावायचाय, ह्ये तरी इचारलंस का तिला?"

विचारलं नाही. ते मला सुचलंच नाही.

"आबा, थांबा जरा."

ते थांबत नाहीत. बुडी मारतात, आणि पाणी जागचं हलत नाही.

"आई, सोड ना."

पंखा फिरतोय. जुई एका अंगावर अवघडून बसलीय. तिच्या फ्रॉकचा बंद माझ्या मुठीत आहे, तळव्याला चांगले दोन वेढे देऊन.

"कधीची उठलीस?"

"खूप वेळ झाला. तू रडत होतीस, म्हणून मी ओढलं नाही."

बंद तसाच हातात ठेवून मी विचारते, "तळाला हात का लावायचाय गं तुला?"

ती आधी संशयाने बघते. मग एका दमात सांगते, "वरचं पाणी गरम असतं ना, आणि पाय खाली सोडले की गार लागतं. मग अगदी तळाशी किती गार असेल? मामालापण माहीत नाही."

मलाही माहीत नाही. एवढी वर्षं त्या विहिरीत पोहले, तळ कधी गाठला नाही.

"मी आधी उतरेन," मी म्हणते. "तुझ्या खाली राहीन. हात लावणार नाही."

"आणि कॅन?"

"काठावर ठेवू. तो माझ्यासाठी."

मी मूठ उघडते. तळव्यावर बंदाचे दोन लाल वळ उमटलेत. जुई त्यांवरून बोट फिरवते, दुखतं का विचारते, आणि उत्तराची वाट न बघता टॉवेल शोधायला पळते.