क्षमेच्या ओळीपाशी

रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना चालू होती. आम्ही सगळे पाढे म्हणावेत तसे एका सुरात म्हणत होतो. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली आणि माझ्या शेजारची बाई गप्प झाली. पुढच्या ओळीला पुन्हा आमच्यात मिसळली.

बाहेर चपला घालताना मी तिला विचारलं, "ओळ विसरलात का हो?"

"नाही बाई. जावेला अजून माफ केलं नाही मी. देवाशी खोटं कसं बोलू?"

आणि मी? बाप्तिस्म्याचा दाखला ट्रंकेत जपलाय, दर नाताळला दारात तारा टांगलाय, रविवार कधी चुकवला नाही. साठ वर्षं ती ओळ म्हणतेय, आणि धाकट्या बहिणीशी बारा वर्षांत एक शब्द बोललेली नाही. नुसतं तोंडानं ख्रिस्ती राहायचं म्हणजेसुद्धा दमायला होतं हो.

दुपारी घरी जेवणाआधी तीच प्रार्थना सुरू झाली. त्या ओळीपाशी माझा आवाज थांबला. सुनेनं डोळे उघडले. "आई, विसरलात का?"

"नाही गं," म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी इथं जरा थांबते."